चिलीम विझली, पण बैठक विझू देऊ नका

वाचकहो, पावसाळ्यात पनवेलहून घाट चढून खंडाळ्याकडे निघालात, की एका जागी गाडी थांबतेच. बाहेर धुके असते, कोळशाच्या शेगडीवर मक्याचे कणीस तडतडत असते आणि लिंबू-मीठ-तिखट चोळून ते आपल्या हातात पडते. दाणे संपले की उरलेला दांडा आपण भिरकावून देतो. घरी असलो तर तो वाळवून चुलीत घालतो. चूल पेटवायला त्याचा उपयोग होतो, हे प्रत्येक मका पिकवणाऱ्या घराला ठाऊक आहे.

पण याच दांड्यात तंबाखू भरून ओढतात, त्याचे कारखाने चालतात आणि मोठमोठे सेनापती तो ऐटीत तोंडात धरतात, असे सांगितले तर पटेल का? गोष्ट खरी आहे. ती सांगता सांगता आपल्या चिलमीची, विडीची आणि त्यांच्याभोवती बसणाऱ्या माणसांची गोष्टही सांगायची आहे. शेवटी एक कडू घोटही आहे. तोही आपण मिळून घेऊ.

कणसाच्या दांड्याचा पाइप

अमेरिकेत मिसुरी नावाचे राज्य आहे. मुलूख शेतीचा आणि पीक मक्याचे. तिथे नदीकाठी वॉशिंग्टन नावाचे एक लहान गाव आहे. अमेरिकेची राजधानी ती निराळी, हे गाव निराळे. या गावात हेन्री टिबी नावाचा हॉलंडहून आलेला कातारी राहत होता. असे सांगतात, की १८६९ च्या सुमारास एक शेतकरी त्याच्याकडे आला. हा शेतकरी कणसाचे दांडे चाकूने कोरून स्वतःसाठी पाइप करत असे. त्याने टिबीला म्हटले, "हा दांडा तुझ्या यंत्रावर फिरवून नीट करून दे." टिबीने करून दिला. शेतकरी खूश झाला. टिबीने आणखी चार केले, तेही खपले. पुढे दांड्याची बारीक भोके बाहेरून लिंपून तो गुळगुळीत करण्याची युक्ती त्याने काढली आणि १८७८ साली तिचे पेटंट घेतले. तो कारखाना आजही त्या गावात चालतो.

दांड्याचाच पाइप का? वाळलेला दांडा सच्छिद्र असतो. तंबाखूतला ओलावा तो शोषून घेतो, त्यामुळे धूर घशाला सौम्य लागतो. दुसरे कारण आपल्या ओळखीचे आहे. शेतात ढीगभर पडलेली वस्तू, किंमत जवळजवळ काही नाही. जळून गेला की टाकून द्यावा आणि दुसरा घ्यावा. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकेचा सेनापती मॅकार्थर १९४५ साली जपानच्या भूमीवर उतरला, तेव्हा त्याच्या तोंडात असाच कणसाच्या दांड्याचा पाइप होता. राजेरजवाड्यांना साजेल अशी वस्तू त्याला सहज मिळाली असती, पण त्याने पत्करली ती शेतकऱ्याची.

आपल्याकडे मका आला, पण दांड्याचा पाइप काही आला नाही. त्याची गरजच नव्हती, कारण आपला कुंभार होता आणि कुंभाराची मातीची चिलीम होती. तीही सच्छिद्र, तीही स्वस्त, आणि फुटली तर पुढच्या बाजारी दुसरी!

दोघेही परमुलखाचे

मका आणि तंबाखू, दोन्ही पिके मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीज जहाजांनी ती आपल्या किनाऱ्याला आणली. तंबाखू आधी दक्षिणेत रुजली आणि तेथून उत्तरेकडे गेली. अकबर बादशहाचा सरदार असद बेग हा १६०४-०५ च्या सुमारास विजापुराहून परतला, तेव्हा त्याने बादशहासाठी तंबाखू आणि जडावाची सुंदर नळी नेली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. दरबारातल्या हकिमाने मात्र हरकत घेतली. ज्या वस्तूचा गुण-दोष आपल्या ग्रंथांत नाही, ती बादशहाने घेऊ नये, असे त्याचे म्हणणे पडले. अकबराने काही ती सवय लावून घेतली नाही. सरदारांना मात्र ती लागली आणि तंबाखू पसरत गेली. पुढे १६१७ साली जहांगीर बादशहाने मनाई केली. इंग्लंडच्या जेम्स राजाने तर १६०४ सालीच तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. राजांचे कुणी ऐकले नाही. तंबाखू महालातून वाड्यात, वाड्यातून झोपडीत आणि झोपडीतून बांधावर आली.

चिलीम भरावी कशी

आता तुमच्या घरातले, नाहीतर शेजारच्या घरातले जुने आजोबा डोळ्यांपुढे आणा. दुपार टळलेली आहे. भाताची झोडणी चालू आहे. खळ्यावर पेंढ्याचा वास सुटला आहे. कुणीतरी म्हणते, "चला, जरा दम घेऊ." आजोबा कंबरेची चंची सोडतात. चंचीला कप्पे असतात. एकात पान, एकात सुपारी, एकात तंबाखू आणि चुन्याची डबी. तंबाखू तळहातावर घेतात, अंगठ्याने मळतात, काडी-कचरा निवडून काढतात. चिलमीच्या तळाशी लहानसा खडा टाकतात, म्हणजे तंबाखू खाली घसरत नाही आणि वाट मोकळी राहते. वर तंबाखू हलक्या हाताने भरतात. फार दाबली तर ओढली जात नाही, फार सैल राहिली तर भसकन जळून जाते. हात त्यात मुरलेला लागतो.

मग विस्तव. आगपेटी घरोघरी झाली नव्हती तेव्हा चकमक असे. गारगोटीवर पोलादाचा तुकडा आपटायचा, ठिणगी कापसावर झेलायची आणि फुंकर घालून ती फुलवायची. पावसाच्या दिवसांत हे काम जिकिरीचे, म्हणून कापूस कोरडा ठेवण्याची कोण खटपट! घर जवळ असेल तर मात्र सोपे. "काकी, जरा इस्तव द्या," अशी हाक मारली, की चुलीतला निखारा चिमट्यात धरून काकी दारात येत. विस्तवाला गेलेला माणूस चार शब्द बोलल्याशिवाय परतत नसे. कुणाची गाय व्याली, कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा ताप उतरला, हे सारे त्या निखाऱ्याबरोबर घरोघर पोचे. उन्हाळ्यात कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, तेव्हा तर विस्तव बांधावरच तयार.

निखारा वर ठेवला, की चिलमीच्या तोंडाला छापी गुंडाळायची. छापी म्हणजे ओल्या फडक्याचा तुकडा. तिच्यामुळे तोंड भाजत नाही. चिलीम दोन्ही हातांच्या ओंजळीत धरायची, मुठीशी तोंड लावायचे आणि ओढायची. पहिला झुरका वडीलधाऱ्याचा, नाहीतर पाहुण्याचा. मग ती उजवीकडे फिरो की डावीकडे, ज्याच्या हाती येईल त्याने दोन झुरके घ्यायचे आणि पुढे द्यायची. एकट्याने धरून बसला, तर लगेच शेजारचा म्हणे, "अरे, सरकव की पुढे!"

बघा वाचकहो, या सगळ्यात धूर किती आणि बाकीचे किती! मळण्यात वेळ, भरण्यात वेळ, विस्तव आणण्यात वेळ. प्रत्यक्ष झुरके दोन. पण तेवढ्यात पाठ सरळ झाली, घाम वाळला, बैलांनीही मान झाडून श्वास घेतला. मालकाने काम थांबवू नये असे ज्याला वाटे, त्यालाही चिलमीपुरती सुटी नाकारता येत नसे. शेतात राबणाऱ्याला घड्याळाने दिलेली सुटी नव्हती. त्याची सुटी चिलमीने दिली.

पनवेलचा तळ

पनवेलकरांना हे निराळे सांगायला नको. पनवेल हे खाडीवरचे जुने बंदर. मुंबईहून माल होडीने यावा आणि पनवेलहून घाट चढून देशावर जावा, अशी रीत होती. १८३० साली बोरघाटातून गाड्यांचा रस्ता झाला आणि देशावरच्या बैलगाड्या थेट खाली उतरू लागल्या. पनवेलची गाडीची चाके तर नावाजलेली. देशावरचा गाडीवान माल उतरवून रिकामा होई आणि जाताना चाकांची जोडी घेऊन जाई.

असे गाडीवान रात्री तळ टाकत. बैल सोडून त्यांना वैरण टाकली, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजून झाली, की उरलेल्या निखाऱ्यांवर चिलीम पेटे. घाटावरच्या भावाची बातमी आणि किनाऱ्यावरच्या भावाची बातमी तिथे एकमेकींना भेटे. ज्वारी कशी, भात कसे, मीठ कसे, बैलजोडी केवढ्याला? आज तुम्ही मोबाइलवर बाजारभाव पाहता. त्या काळी तो चिलमीबरोबर हातोहात फिरत असे.

घरात बसून ओढणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्याकडे गुडगुडी असे. नारळाच्या करवंटीत पाणी, वर चिलीम, बाजूला नळी. धूर पाण्यातून येताना गुडगुड वाजे, म्हणून तिचे नाव गुडगुडी. ओटीवरून तो आवाज आला, की आजोबा घरी आहेत हे आल्यागेल्याला कळे.

आणि चिलीमही जवळ नसेल तर? तर रानातले पान. दसऱ्याला आपण ज्याला सोने म्हणून लुटतो, त्या आपट्याच्या पानाची विडी करतात. टेंभुर्णीचे पान त्याहून सरस. ते मऊ असते, गुंडाळताना तुटत नाही आणि वाळले तरी आकार धरून राहते. पनवेल तालुक्यात पाताळगंगेजवळ आपटा नावाचे गावच आहे. कर्नाळ्याच्या आणि माथेरानच्या पायथ्याशी राहणारे ठाकूर-कातकरी अशा पानांची विडी करून ओढत, आणि कातकरी बायाही ती मोकळेपणाने ओढत. लावणीच्या दिवसांत पाऊस कोसळत असताना, बांधावर इरल्याखाली विडीचा लाल ठिपका चमकला, की ओळखावे, कुणाचे तरी आवण लावून झाले.

चिलमीची दुसरी बाजू

इथवर सारे गोड गोड झाले. पण जुने ते सगळेच सोने नव्हे, हेही सांगितले पाहिजे.

चिलीम माणसे जोडत होती, तशी तोडतही होती. एका चिलमीवर कोण बसणार, हे जात ठरवत असे. ज्याने भात कापले, ज्याने भारे वाहिले, त्याला कित्येकदा खळ्याच्या कडेला निराळे बसून आपली निराळी चिलीम ओढावी लागे. निखारासुद्धा त्याच्याकडे लांबून टाकला जाई. गावाने कुणाला वाळीत टाकले, की पहिला बंद होई तो विस्तव आणि तंबाखूचा व्यवहार. रायगड जिल्ह्याने वाळीत टाकण्याचे प्रकार अलीकडेपर्यंत पाहिले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, तो उगाच नव्हे.

शिवाय बैठक होती ती पुरुषांची. बायकांची सुटी कुठे होती? लावणीत वाकलेली बाई घरी येऊन पुन्हा चुलीपुढेच वाकत असे. तिच्या वाट्याला आली ती मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि दातांना लावून पहाटे घटकाभर पायरीवर बसायचे. तेवढीच तिची विश्रांती. आजही कित्येक घरांत ती सवय आजीकडून सुनेकडे आणि सुनेकडून नातीकडे जाते. "दात साफ होतात," असे म्हणतात. दात काही साफ होत नाहीत, फक्त तल्लफ लागते.

आणि तंबाखू पिकवणारा? निपाणी भागातली तंबाखू विडीसाठी नावाजलेली. पण भाव ठरवणार व्यापारी. तो म्हणेल ते वजन आणि तो देईल तो दर. १९८१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रस्ता अडवून ठिय्या दिला. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात बारा शेतकरी मेले. दोन झुरक्यांचे सुख कुणाच्या घामावर आणि कुणाच्या रक्तावर उभे होते, ते विसरून चालणार नाही.

धुराचा हिशेब

आता कडू घोट. चिलीम ओढणारा आजोबा पहाटे खोकत असे, हे सगळ्यांना आठवते. घर त्या खोकल्यानेच जागे होई. "वय झाले," असे आपण म्हणत होतो. पण तो नुसता वयाचा खोकला नव्हता.

चिलमीची ओली छापी तोंडाला चटका बसू देत नाही, पण विष अडवत नाही. गुडगुडीचे पाणी धूर गार करते, शुद्ध करत नाही. "विडी म्हणजे पानच, तिने काय होते?" हा समज तर फारच घातक. विडीची आग लवकर विझते, म्हणून ती वरचेवर आणि जोराने ओढावी लागते. तिच्या धुरातून सिगारेटपेक्षाही जास्त निकोटिन आणि जास्त विषारी वायू छातीत जातो. फुप्फुसाचा, घशाचा आणि तोंडाचा कर्करोग, हृदयविकार, दमा असे हे सारे त्याच वाटेने येते. तंबाखू ओढणाऱ्याला क्षयाचा धोकाही जास्त असतो. मशेरी लावणाऱ्या गरोदर बाईच्या बाळाचे वजन कमी भरते. मक्याच्या दांड्यातून ओढा की सोन्याच्या नळीतून ओढा, धूर तोच.

पनवेल तालुक्यातच खारघरला परळच्या टाटा रुग्णालयाचे मोठे केंद्र २००२ पासून उभे आहे. कर्करोगावरचे संशोधन आणि उपचार तिथे होतात. एखाद्या सकाळी तिथल्या रांगेकडे पाहा. डोक्याला पटका, कपाळाला कुंकू आणि हातात पिशवी घेतलेली आपल्यासारखीच माणसे तिथे दिसतील. कुणी बैल विकून आलेले असते, कुणी जमीन गहाण ठेवून.

कुणी म्हणेल, "आता साठी आली, आता सोडून काय उपयोग?" त्याचे उत्तर मिळालेले आहे. इंग्लंडातल्या रिचर्ड डॉल या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षे, हजारो डॉक्टरांच्याच धूम्रपानाची आणि आयुष्याची नोंद ठेवली. त्यातून दिसले, की तिशीत सोडणाऱ्याचे सुमारे दहा वर्षांचे आयुष्य वाचते, चाळिशीत सोडणाऱ्याचे नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्याचे सहा आणि साठीत सोडणाऱ्याचेही तीन वर्षांचे. तीन वर्षे म्हणजे तीन पावसाळे. नातवाला बांध दाखवायला, नातीचे लग्न पाहायला ते पुरे नाहीत का?

आपण टाकले काय, ठेवले काय?

चिलीम आता क्वचित दिसते. पनवेलच्या आसपासची खळीही कमी झाली. १९७० साली सिडको आली, भाताच्या आणि मिठागरांच्या जमिनी शहराखाली गेल्या. २०२५ साली नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याआधी तिथली गावे उठून दुसरीकडे वसली. खळे गेले, तशी खळ्यावरची बैठकही गेली.

तंबाखू मात्र गेली नाही. ती पुडीत शिरली. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी रिकाम्या पुड्या रस्त्याकडेला दिसतातच. मावा आहे, सिगारेट आहे. तरुण मुलगा पुडी फाडतो, एकटाच तोंडात टाकतो आणि मोबाइलकडे पाहत बसतो. कुणाला पुढे सरकवायची नाही, कुणाकडे विस्तव मागायचा नाही, दोन शब्द बोलायचे नाहीत. म्हणजे पाहा, चिलमीतले जे अमृत होते, ती विश्रांती आणि ती सोबत, ते आपण टाकून दिले आणि विष तेवढे जपून ठेवले. करायला हवे होते नेमके उलट!

ते अजूनही करता येईल. तुमच्या घरात कुणी सोडू पाहत असेल, तर त्याला टोचून बोलू नका. एक दिवस ठरवा, एकादशी असो, दसरा असो की नातवाचा वाढदिवस, आणि त्या दिवशी चंची, डबी, आगपेटी घराबाहेर काढा. पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप लागणार नाही, ते उतरते. तल्लफ येते तीही थोड्या मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्यावे, बडीशेप किंवा लवंग तोंडात ठेवावी, गोठ्यात एक फेरी मारून यावी. एकदा पुन्हा लागली म्हणून हार मानू नये, पुन्हा सोडावी. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी दूरध्वनी फुकट आहे. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. तंबाखू सोडवण्यासाठी औषध आणि सल्ला दोन्ही मिळतात. मशेरी लावणाऱ्या घरच्या बाईलाही यातून वगळू नका.

आणि बैठक? ती मात्र सोडू नका. दुपारी काम थांबले की बांधावर, नाहीतर संध्याकाळी ओट्यावर चार माणसे बसू द्या. मधे चहाची किटली असो, भाजलेल्या शेंगा असोत, किंवा मक्याची दोन कणसे असोत. या वेळी सुनेला आणि लेकीलाही बोलवा, आणि पूर्वी ज्याला कडेला बसवले होते त्याला आपल्या शेजारी बसवा. कणसाचे दाणे वाटून खा, गप्पा मारा, आणि दांडा चुलीत घाला. त्याचा धूर धुराड्यातून वर जाऊ द्या, छातीत नको.